सायलेंट चेलो घेतेयस तर एवढं ऐक

बेटा,

मेसेज वाचला तुझा, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रिक चेलो घ्यायचाय म्हणून. जळगावात फ्लॅटमध्ये राहायचं आणि रात्री दहानंतर चेलो काढायचा म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच, त्यांचं तरी काय चुकलं. घे इलेक्ट्रिक. पण लाकडी चेलो विकून घेऊ नको.

कसं आहे, इलेक्ट्रिकला पोकळ पेटीच नाही. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजपाशी बसवलेला पिकअप तारेचं कंपन पकडतो आणि पुढचं सगळं अँप न् हेडफोन करतात, त्यामुळे खालच्या सी सुराची जाड तार, 65 हर्ट्झची, तू नुसती वरवर घासलीस तरी नॉब फिरवला की ती भरदार वाटते. लाकडी चेलोवर ती अशी बोलत नाही, तिथे बो, म्हणजे गज, हळू ओढायचा, हाताचं वजन सोडायचं, मग कुठे पेटी उत्तर देते. महिनोन् महिने हेडफोनवरच वाजवलं की उजवा हात हलका पडतो आणि तुला पत्ताही लागत नाही. वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावलेला असेल तर बघायलाच नको, बेसूर पण गोड लागतं. रियाजाला रिव्हर्ब बंद म्हणजे बंद. स्केल, पोझिशन बदलणं, डाव्या हाताचं सगळं रात्री कर, बोचं काम मात्र रविवारी दुपारी लाकडीवरच.

सायलेंट म्हणतात खरं पण घासल्याचा बारीक आवाज खोलीत येतोच, आईला आधी सांगून ठेव.

आपल्या मे महिन्यात इलेक्ट्रिकला फारसं काही होत नाही, लाकडीला होतं. तो सरसाने जोडलेला असतो, उन्हात बंद गाडीत राहिला तर सांधा सुटतो. आणि कूलरच्या झोतात तर ठेवूच नको, दिवसभर कोरडी हवा न् रात्री ओली, लाकूड फुगतं-आकसतं. वाजवून झालं की बोचे केस सैल कर, कोरड्या हवेत ते आखडतात.

सेकंडहँड बघायला जाशील तेव्हा स्वतःचा बो आणि वायरवाला हेडफोन ने (ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, वैताग नुसता). चारही तारा एकाच जोराने ओढून बघ, एखादी दबकी वाटली तर पिकअप नाहीतर ब्रिज तपासायला लागेल. जॅक हलवून खरखर ऐक. गुडघ्याला न् छातीला टेकायची फ्रेम आहे का ते बघ, नसेल तर बसायची सवयच बिघडते. बॅटरीवर चालणारा मिळाला तर उत्तम, लाईटचं तुला माहितीये. पैसे द्यायच्या आधी फोन कर.

तुझा काका