भूगर्भशास्त्राची पदवी नसताना भूकंपशास्त्र ऑनलाइन शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल की. मीही कॉमर्सवालाच, जे काही कळतं ते नेटवरून. फक्त व्हिडिओंची यादी करून बसू नका. भूपट्टांवरचे कितीही व्हिडिओ बघा, भूकंपाचा आलेख समोर आला की काही उमगत नाही. माझ्या मते आलेखापासूनच सुरू करावं.

अर्थस्कोप (पूर्वीचं आयरिस) या अमेरिकी संस्थेचं स्टेशन मॉनिटर फुकट आहे. भूकंपमापन केंद्र निवडलं की तिथली नोंद दिसते. सरळ चाललेली रेघ एकदम थरथरू लागते, ती पी लहर (प्राथमिक, आधी पोचणारी). मग त्याहून मोठे हेलकावे सुरू होतात, ती एस (दुय्यम, मागून येणारी). पृथ्वीच्या कवचाच्या खडकातून पी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, एस साडेतीनच. त्यामुळे दोघींमधले सेकंद मोजून ८ ने गुणले की अंतर मिळतं. २५ सेकंद म्हणजे अंदाजे २०० किलोमीटर. दिशा मात्र कळत नाही. म्हणून तीन केंद्रांभोवती नकाशावर वर्तुळं काढायची, ती जिथे छेदतील तिथे भूकंप. एकदा कागद-कंपास घेऊन हे कराच. (हा हिशोब जवळच्या भूकंपांपुरता. लांबच्या लहरी खोलवरून, जास्त वेगाने येतात.)

रोजच्या नोंदींसाठी यूएसजीएसचा (अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) नकाशा छान आहे, पण आपल्याकडचे छोटे धक्के त्यात बहुधा सापडत नाहीत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका सुरू झाली, तसलं काही बघायचं तर दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची वेबसाइट उघडा.

मग कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) शेजारी ठेवून वाचा. दोन्ही सहाच्या थोडे वर, दोन्ही पहाटे चारच्या सुमारास. कोयनेत दोनशेच्या आत माणसं गेली, किल्लारीत दहा हजारांच्या घरात. तिथे दाट वस्ती, दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, सगळे झोपेत. नुसत्या रिश्टरच्या आकड्याने यातलं काहीच कळत नाही. कोयनेचा तर धरणातल्या पाण्याशी संबंध, त्यावर वाचायला भरपूर आहे.

एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरची आयआयटीची व्याख्यानं त्यानंतर घ्या, गणित बरंच लागतं. आणि ग्रह बघून भूकंपाची तारीख सांगणारी चॅनेल्स आजच अनसबस्क्राइब करा.