फळमाशीच्या भ्रूणातील दुसरा पट्टा

प्रश्न: फळमाशीच्या भ्रूणात सर्व केंद्रकांमध्ये जनुके सारखीच असतात. मग एखादे जनुक ठरावीक पट्ट्यातच सुरू आणि लगतच्या भागात बंद, असे का असते? दमनकारी प्रथिने त्यात नेमके काय करतात?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: यासाठी ‘ईव्हन-स्किप्ड’ या जनुकाचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्याइतका बारकाईने तपासला गेलेला दाखला क्वचितच सापडेल. अंडे घातल्यानंतर सुमारे तीन तासांत, केंद्रकांभोवती पेशीपटले तयार होत असताना, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या भ्रूणावर हे जनुक सात आडव्या पट्ट्यांत सक्रिय झालेले दिसते. त्यांपैकी दुसऱ्या पट्ट्यासाठी डीएनएचा एक स्वतंत्र नियंत्रक तुकडा असून त्याचा आवश्यक भाग सुमारे 480 बेस-जोड्यांचा (बेस-जोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) आहे.

या तुकड्याला चालना देणारी बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिने भ्रूणाच्या पुढच्या अर्ध्या भागात दूरवर पसरलेली असतात; केवळ त्यांच्यावर भिस्त असती, तर अरुंद पट्टा उमटलाच नसता. पट्ट्याची पुढची कड जायंट आणि मागची कड क्रुपेल हे दमनकारी प्रथिन आखते. जायंटला बांधून घेणाऱ्या जागा या तुकड्यातून काढून टाकल्या की पट्टा पुढच्या बाजूला पसरतो आणि क्रुपेल नसलेल्या भ्रूणात तो मागे सरकत रुंदावतो. मायकेल लेव्हिन, स्टीफन स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे प्रयोगांनी दाखवून दिले.

आता आपल्या प्रश्नातील ‘बंद’ या शब्दाकडे वळू, कारण माझ्या मते खरी खुबी तिथेच आहे. तिसरा पट्टा जिथे उमटतो, त्या केंद्रकांमध्ये क्रुपेल भरपूर असते. तरीही तिथे हेच जनुक जोमाने चालू असते! क्रुपेल संपूर्ण जनुकाला कुलूप लावत नाही. सीटीबीपी या साहाय्यक प्रथिनाच्या मदतीने ते डीएनएवर आपल्यापासून साधारण शंभर बेस-जोड्यांच्या आत बसलेल्या चालक प्रथिनांनाच निष्प्रभ करते. तिसऱ्या पट्ट्याचा नियंत्रक तुकडा दीड हजाराहून अधिक बेस-जोड्या दूर असल्यामुळे त्याला या दमनाची झळ पोचत नाही. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधले अंतर काढून हे दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवले, तेव्हा पट्ट्यांची मांडणी बिघडली; म्हणजे मधला ‘रिकामा’ वाटणारा डीएनएसुद्धा कामाचाच होता.

सर्वच दमनकारी प्रथिनांचा आवाका मात्र इतका तोकडा नसतो. हेअरी हे प्रथिन ग्राउचो नावाच्या साहाय्यकाला सोबत घेऊन हजार बेस-जोड्यांपलीकडील चालक प्रथिनांनाही रोखू शकते, आणि त्याच्या बाबतीत जनुक ‘बंद’ झाले असे म्हणणे अधिक रास्त ठरते.