खऱ्या राजकीय नेत्यांवरचे चित्रपट मर्यादा ओलांडू शकतात का?

ओलांडतात की! पण टीका करताना कमी, आरती ओवाळताना जास्त. २०१९चंच बघा. विवेक ओबेरॉयचा 'पीएम नरेंद्र मोदी' ११ एप्रिलला, म्हणजे लोकसभेच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानादिवशीच लागणार होता. निवडणूक आयोगाने आदल्या दिवशी तो रोखला. मग निकालानंतर, २४ मेला आला; तोवर त्यातली हवाच गेली होती म्हणा.

आपल्याकडे 'धर्मवीर २' आला २७ सप्टेंबर २०२४ला आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. आचारसंहिता लागली ऑक्टोबरात, त्यामुळे सगळं नियमात बसलं. चित्रपट ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरचा, पण ते तर २००१ मध्येच गेले. मतं मागायला उभे होते त्यांचे शिष्य, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, आणि पडद्यावर तेही होतेच!

तरी बंदी नको. अशा चित्रपटांच्या सुरुवातीला 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' छापाची पाटी झर्रकन येऊन जाते, ती निदान वाचून होईपर्यंत ठेवा. पैसा कोणी लावला तेही मोठ्या अक्षरांत लिहा. प्रसंग रंगवायला माझी हरकत नाही. हयात विरोधकाच्या तोंडी तो कधीच न बोललेलं वाक्य घालायला मात्र आहे.