झूमचा कोणता आकडा खरा?

प्रश्न : मुलगी नृत्य शिकते. तिच्या कार्यक्रमांचं शूटिंग मी मोबाइलवर करतो, पण मागच्या रांगेतून ती धड ओळखूही येत नाही. झूम केलं की चित्र फुटतं. शिवाय वडिलांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. त्यांचं वय झालंय. बजेट बेताचंच आहे. इंटरनेटवर एक कॅमकॉर्डर पाहिला : ४के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम, सोबत माइक आणि रिमोट. नावाजलेल्या कंपन्यांच्या साध्या फुल एचडी कॅमकॉर्डरपेक्षाही स्वस्त आहे. मॅडम, घेऊन टाकू का? पहिलाच कॅमेरा आहे.

उत्तर : हा घेऊ नका. तुमची खरी अडचण तुम्हीच लिहिली आहे : मागची रांग. लांबचं जवळ आणायचं काम लेन्सचं असतं, आणि या प्रकारच्या स्वस्त कॅमेऱ्यांत नेमकी लेन्सच हलत नाही. जाहिरातीत १६ पट झूम असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत पाहा, बहुतेक वेळा तिथे ‘डिजिटल’ हा शब्द सापडेल. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणायचा. मोबाइलवर तुमचं चित्र फुटतं ते याचमुळे. पैसे खर्चून पुन्हा तेच पदरात पडेल.

ऑप्टिकल झूममध्ये आतली भिंगं खरोखर पुढे-मागे सरकतात, त्यामुळे सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडणारी प्रतिमाच मोठी होते आणि चित्रातला बारकावा टिकतो. म्हणून वर्णनात ‘ऑप्टिकल झूम’ असे स्पष्ट शब्द आणि त्यापुढचा आकडा शोधा. तो नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. साध्या फुल एचडी कॅमकॉर्डरमध्ये सोनीच्या सीएक्स४०५ ला ३० पट, कॅननच्या एचएफ आर८०० ला ३२ पट आणि पॅनासॉनिकच्या व्ही१८० ला ५० पट ऑप्टिकल झूम आहे. ही मॉडेल्स काही वर्षांपूर्वीची आहेत. नवी मिळाली नाहीत तर चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं घ्यायला हरकत नाही.

आता ४८ मेगापिक्सेल. फुल एचडी चित्राची एक चौकट १९२० गुणिले १०८० पिक्सेलची, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ४के ची चौकट ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८. तेव्हा व्हिडिओसाठी ४८ या आकड्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. स्थिरचित्र सॉफ्टवेअरने फुगवूनही तो आकडा गाठता येतो. ४के वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सुमार लेन्स आणि सुमार सेन्सरमागे बसवलेल्या ४के पेक्षा चांगल्या लेन्समधलं फुल एचडी कितीतरी स्वच्छ दिसतं.

प्रकाशाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते, कारण नृत्याच्या शूटिंगमध्ये सगळे इथेच अडतात. स्वस्त कॅमकॉर्डरचा सेन्सर नखाहूनही लहान असतो, त्यामुळे अंधाऱ्या मंचावर चित्रात दाणे दिसतातच. त्यात झूम वाढवला की लेन्सचं तोंड बारीक होतं. हे तोंड ‘एफ’च्या आकड्यात मोजतात : आकडा मोठा, तर प्रकाश कमी. सुरुवातीला एफ/१.८ असलेली लेन्स पूर्ण झूमवर एफ/४ पर्यंत आली, तर प्रकाश साधारण पाचवा हिस्साच आत येतो. म्हणून ३० पट झूम आहे म्हणून शेवटच्या रांगेत बसू नका. मधली रांग आणि अर्धा झूम, यात चित्र जास्त उजळ मिळेल.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. मागे काळा पडदा आणि नर्तकीवर प्रकाशझोत असला, की ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला सगळीकडे अंधारच दिसतो. तो चित्र उजळत जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. डोळे, भुवया, ओठ काहीच उरत नाही. नृत्यात अभिनय चेहऱ्यावर असतो, तोच गेला तर राहिलं काय? मेनूमध्ये ‘स्पॉटलाइट’ नावाची सोय असेल तर ती लावा. नसेल तर एक्स्पोजर हाताने थोडं खाली आणा, चेहऱ्यावरचा रंग परत दिसेपर्यंत. पडदा अजून काळा होईल, होऊ द्या.

चौकटींच्या बाबतीत ५०आय आणि ५०पी यांत निवड असेल तर ५०पी घ्या (काही देशांत हेच आकडे ६०आय आणि ६०पी असे असतात). ‘पी’मध्ये सेकंदाला ५० अख्ख्या चौकटी नोंदवल्या जातात. ‘आय’मध्ये चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने नोंदवल्या जातात, त्यामुळे गिरकी घेताना हातांच्या कडांना संगणकावर कंगव्यासारखे दात दिसतात. आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे ५० चाच कॅमेरा घ्या, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. परदेशातून मागवताना हे आवर्जून तपासा.

वडिलांसाठी मात्र कॅमेऱ्याची वाट बघू नका. समोरासमोर बसून बोलणाऱ्या माणसाला झूम लागत नाही, तुमचा मोबाइल पुरेसा आहे. मोबाइलला चालणारा, कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या आणि याच आठवड्यात पहिली बैठक करा. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, कपडा त्यावर घासणार नाही असा. पंखा बंद ठेवा. ऐकताना आपल्याला पंखा जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये तो शेवटपर्यंत घरघरत राहतो. पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका आणि मगच पुढे चला. चित्र थोडं मंद असलं तरी माणसं आवडीने बघतात. पण शब्द कळत नसतील तर पुन्हा कोणी लावत नाही.

याच कारणासाठी कॅमकॉर्डर निवडतानाही माइकची पिन बसेल अशी जागा आहे का ते बघा. एचएफ आर८०० ला बाहेरचा माइक आणि हेडफोन दोन्ही लावता येतात, सीएक्स४०५ ला माइक लावता येत नाही. तुमच्या दोन्ही गरजा धरून मी कॅननकडे झुकेन, जास्त झूमच्या मोहात पडणार नाही.

बजेटमधला काही भाग ट्रायपॉडसाठी आधीच बाजूला काढा. ३० पट झूमवर श्वास घेतला तरी चित्र हलतं आणि कॅमेऱ्यातलं कुठलंही स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवणारी सोय) ते पूर्ण सावरू शकत नाही. कार्डाचं सोपं आहे : सेकंदाला २४ मेगाबिट या दराने रेकॉर्ड केलं तर तासाला सुमारे ११ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पाच तासांहून जास्त बसतं. कार्डाच्या वेगासाठी क्लास १० पुरेसा आहे. लांबलचक कार्यक्रमाचे कॅमेरा तुकडे पाडतो, घाबरू नका. एकेक फाइल उचलण्यापेक्षा कार्डावरचं अख्खं फोल्डर संगणकावर उतरवा आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडा, म्हणजे तुकड्यांच्या सांध्यावर गाणं अडखळत नाही.

प्रश्न : ओळखीतल्या एकांकडे टेपवर चालणारा एचडी कॅमकॉर्डर पडून आहे. अगदी स्वस्तात देतायत. चालेल?

उत्तर : नको. तो बहुधा एचडीव्ही पद्धतीचा असेल, २००३ मध्ये आलेली. त्याची चित्रं अजूनही छान दिसतात. पण टेपवरून संगणकावर घ्यायला फायरवायर नावाची जुनी जोडणी लागते, ती आजच्या संगणकांत नसते. शिवाय तासाभराची टेप उतरवायला पूर्ण तास जातो.

वापरलेलाच घ्यायचा तर कार्डाचा घ्या, आणि घेण्याआधी हातात घेऊन तपासा. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. वाटेत अडकतोय का, करकरतोय का ते ऐका. पूर्ण झूमवर दूरची पाटी स्पष्ट व्हायला किती वेळ लागतो ते बघा. स्क्रीन उघडून, वळवून पाहा, कारण तिथली आतल्या तारांची पट्टी झिजलेली असू शकते. पाच मिनिटं रेकॉर्ड करून तिथेच लावून बघा. बॅटरी जुनी असेलच, तेव्हा त्या मॉडेलची नवी बॅटरी अजून मिळते का, हे पैसे देण्याआधी शोधा.