डिफचं तेल बदलल्यावर वळणात मागून धडधड: आधी मॉडिफायर बघा

पार्किंगमधे हळू वळवताना मागून कर्र-कर्र, धडधड होते, सरळ चालवताना काहीच नाही, आणि हे सगळं डिफचं (डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा डबा) तेल बदलल्यापासूनच सुरू झालं असं तुम्ही लिहिलंय. माझ्या गाडीला अगदी हेच झालेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या डिफमधे क्लच-प्लेटांचं एलएसडी (लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा प्रकार) आहे हे धरून चाललोय.

मी ज्या वर्कशॉपमधे गेलो तिथे साधं जीएल-५ ७५डब्ल्यू-९० (गिअर ऑइलचा दर्जा आणि जाडीची ग्रेड) भरलं, फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा अलगद सरकाव्यात म्हणून तेलात मिसळायचं द्रव्य) टाकलंच नाही. विचारलं तर म्हणे ग्रेड बरोबर आहे ना, मग झालं! अहो, ग्रेड बरोबर होतीच, पण वळणात दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात तेव्हा त्या प्लेटा एकमेकींवरून अलगद सरकायला हव्यात, मॉडिफायर नसेल तर त्या चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात, तोच तो आवाज. नंतर मला सांगितलं बेअरिंग गेलंय, अख्खा डिफ बदला. मी बदलला नाही, पण तशीच गाडी सहा महिने चालवली, ती माझी सगळ्यात मोठी चूक. उघडलं तेव्हा बेअरिंग ठणठणीत आणि प्लेटा जळून चकचकीत झालेल्या. अजून राग येतो.

म्हणून आधी तेलाच्या डब्यावर बघा, मॉडिफायर आतच असलेलं तेल आहे का. नसेल तर मॅन्युअलमधे दिलंय तेवढंच, थोडंथोडं टाका. जास्त झालं तर एलएसडीची पकडच ढिली पडते. मग मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवा, तेल प्लेटांमधे शिरू द्या.

७५डब्ल्यू-१४०, म्हणजे अजून जाड तेल भर म्हणणारे बरेच भेटतील. ट्रॅकवर डिफ खरंच तापत असेल तर ठीक, रोजच्या वापराला माझ्या मते मॅन्युअलची ग्रेडच घाला. मी मेकॅनिक नाही हं, आणि टॉर्सन (प्लेटांऐवजी गिअरांवर चालणारं एलएसडी) असेल तर हे मॉडिफायर प्रकरण सहसा लागूच होत नाही.

आणि हो, पुन्हा तेल काढायची वेळ आली तर आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा उघडा, नाहीतर डिफ रिकामा आणि भरायला वाट नाही. खालच्या प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी चिखल असेल तर घाबरू नका. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गाडी हलवू नका, आधी फोटो टाका.