बोलावलं की जायचं

ताई,
मी २६ वर्षांची, अकोल्याची. फेब्रुवारीत कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात लागले. राजारामपुरीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहते. कामाचं ठीक आहे, त्रास कुणाचाच नाही. पण संध्याकाळी खोलीवर आले की जीव नकोसा होतो. रविवारी तर दाराबाहेर पाऊलही पडत नाही. मोबाईल डब्याला टेकवून ठेवते आणि व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत जेवते. मी शाकाहारी, त्यामुळे कंपनीतल्या मंडळींचे मटणाचे बेत ठरायला लागले की मीच बाजूला होते. डिपार्टमेंटमधल्या एका ताईंनी दोनदा घरी जेवायला बोलावलं, संकोचापायी गेले नाही. आता त्या विचारत नाहीत. घरमालकीण काकू मात्र सारख्या विचारतात, कुठं गेलतीस, कोण आलतं. बाबा म्हणतात, वर्षभर कळ काढ. राजीनामा देऊन परत जाऊ का? शिवाय ही खोली महाग पडते म्हणून जाधववाडीच्या बाजूला तळमजल्यावरचं एक स्वस्त घर बघून ठेवलंय. घेऊ का?
– एक वाचक

बाळ,

घराचं आधी सांगते, कारण पाऊस तोंडावर आलाय. राजीनाम्याचं महिनाभरानं ठरवलं तरी बिघडत नाही, पण घराचा ॲडव्हान्स एकदा देऊन बसलीस की तो परत मिळेपर्यंत नाकी नऊ येतील.

कोल्हापुरात तळमजल्यावरचं घर भाड्यानं घेताना पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. '२०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं?' हे विचारायचं. तेही मालकाला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला. तो बोटानं भिंतीवरची खूण दाखवेल, नाहीतर 'इथं नाही येत, त्या कोपऱ्यापर्यंत येतं' असं चोख सांगेल. जाधववाडीत सगळीकडं पाणी येतं असं मी म्हणणार नाही. पण तिकडचा बापट कॅम्प, आणि गावातली शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा ही नावं दर मोठ्या पुरात ऐकू येतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली होती. जुलै-ऑगस्टात इथली माणसं मॅचचा स्कोअर विचारावा तशी एकमेकांना बंधाऱ्याची पातळी विचारतात. यंदा तूही विचारशील.

आणखी एक. तुझी कंपनी नदीच्या पलीकडं आहे. पूर आला की शिरोलीजवळ हायवेवर पाणी येतं आणि रस्ताच बंद होतो. २०१९ ला कित्येक दिवस बंद होता. त्या वेळी पाणी उपसा केंद्रं बुडाली, म्हणून ज्यांच्या दारात पुराचं पाणी आलं नव्हतं त्यांच्याही नळाला पाणी नव्हतं. तेव्हा कंपनीजवळ म्हणून नदीकडचं घर घ्यायचं, हा हिशेब पावसाळ्यात फिरतो. राजारामपुरी बरीचशी उंचावर आहे. भाडं थोडं जास्त गेलं तरी हा पावसाळा वरच्या मजल्यावरच काढ. टाकी भरलेली ठेव, आणि पूर आला तर सुट्टी कशी धरणार हे एचआरला आत्ताच विचारून ठेव.

तुझ्या पत्रात भाडेकराराचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा तो झालेला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवता येतो. काकूंकडं भांडायच्या सुरात नको, 'बँकेत पत्ता बदलायला कागद लागतोय' म्हणून माग. डिपॉझिट किती दिलं, घर सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे त्यात आलंच पाहिजे.

आता त्याच काकू. 'कुठं गेलतीस' हा प्रश्न तुला चौकशी वाटतो, आणि ती चौकशी आहेच, त्यात दुमत नाही. पण खरं उत्तर कुणाला हवं असतं? 'रंकाळ्यावर गेलते काकू, काय गर्दी!' एवढं म्हटलं की झालं. पुढं त्याच तुला गर्दी नसते ती वेळ सांगतील. मात्र तुझ्या माघारी किल्ली लावून खोलीत शिरणं, मैत्रिणीला जिन्यातून परत पाठवणं, आईवडिलांना परस्पर फोन करणं, यातलं काही होत असेल तर ते अजिबात चालवून घ्यायचं नाही. विचारणं आणि अडवणं यात फरक आहे. तू लिहिलंयस त्यात मला फक्त विचारणं दिसतंय.

तुझं खरं दुखणं तू पत्रात जाता जाता लिहून टाकलंयस. ताईंनी दोनदा बोलावलं आणि तू गेली नाहीस.

अकोल्यात तू घरची होतीस, कुणाकडं जाताना संकोच करायची वेळच आली नसेल. इथं तू नवखी. 'कशाला उगाच त्यांना त्रास' असं मनात येणं साहजिक आहे, आणि ते तुला सभ्यपणाचंही वाटत असणार. पण समोरच्या घरात काय झालं असेल ते बघ. आमच्याकडं 'जेवायला या की' म्हणणारी बाई तोंडदेखलं म्हणत नसते. तिनं नवऱ्याला सांगितलेलं असतं, सासूला सांगितलेलं असतं, भाकरीचं पीठ जास्तीचं दळून आणलेलं असतं. पहिल्यांदा नाही म्हणालीस तेव्हा तिला वाटलं, लाजतेय पोरगी. दुसऱ्यांदा नाही म्हणालीस तेव्हा सासू म्हणाली असेल, मोठ्या शिकलेल्या पोरी, त्यांना आपलं घर कुठलं आवडायला! तिसऱ्यांदा विचारून ती कशाला तोंडघशी पडेल? ती रागावलेली नाही, तिनं फक्त दार लोटून घेतलंय. कडी लावलेली नाही.

हे दार 'सॉरी ताई' म्हणून उघडायला जाऊ नकोस, त्यानं दोघींनाही अवघडल्यासारखं होईल. तिला काम सांग. 'ताई, एक घर बघितलंय, तिथं पुराचं पाणी येतं का ते मला कळत नाही. रविवारी माझ्याबरोबर याल का?' एवढंच बोल आणि मग बघ. ती एकटी येणारच नाही. नवरा येईल, एखादा दीर गाडी घेऊन येईल, घर बघायच्या आधीच तिघं मिळून ते नापसंत करतील आणि त्यांच्या ओळखीतलं दुसरं सुचवतील. मग उन्हाचं कुठं जातेस, घरी चल म्हणतील. त्या वेळी जायचं. पोट भरलेलं असलं तरी जायचं.

इथल्या माणसाला काम सांगितलं की त्याला तुम्ही त्याचे वाटता, आणि कुणाचंच काही न घेणारं माणूस त्याला परकं वाटतं. चार महिने तू कुणाला तोशीस पडू दिली नाहीस. तू एकटी पडलीस ती त्यामुळं, असं माझं मत आहे.

मटणाचं म्हणशील तर आता आखाड येतोय, बेत आणखी वाढतील. बाजूला होऊ नकोस. बेत ठरत असतानाच सांग, 'मी येणार, मला भाकरी आणि आख्खा मसूर बास.' कोल्हापुरात जैन, लिंगायत, ब्राह्मण अशी मांस न खाणारी घरं भरपूर आहेत, त्यामुळं पंगतीत एक शाकाहारी ताट कुणाला नवीन नाही. एवढं मात्र लक्षात ठेव. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा म्हणून कुणी प्रेमानं वाटी पुढं केली तर घेऊ नकोस. नारळ त्यात असतो, पण खाली मटणाचं आळणी पाणी असतं. वाढणाऱ्याच्या हे ध्यानातच नसतं. मिसळ खुशाल खा, फक्त कट बेतानं घे.

कंपनीतली पोरं संध्याकाळी आपापल्या पेठेत, तालमीत जातात, त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. तिथं जन्मानं जागा मिळते. शिवाजी पेठेतला माणूस मंगळवार पेठेच्या कट्ट्यावर सहज जाऊन बसत नाही, पेठांच्या संघांच्या फुटबॉलचा सीझन चालू असताना तर नाहीच. तुझ्या माझ्यासाठी गावात दुसऱ्या जागा आहेत. सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जा, राजारामपुरीतून अगदी जवळ आहे. ठरलेल्या वेळेला गेलीस की तेच चेहरे रोज दिसतात आणि आठवड्याभरात मान हलवायला लागतात. वाचनाची आवड असेल तर करवीर नगर वाचन मंदिराची सभासद हो, १८५० पासून चालू असलेलं ग्रंथालय आहे. आणि एखाद्या संध्याकाळी ताईंना घेऊन गंगावेशीत दूध प्यायला जा. म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळलेला पेला हातात देतात. नको वाटलं तर पिऊ नकोस, पण एकदा बघ तरी.

आईचा फोन बंद कर असं मी सांगणार नाही. फक्त रविवारचं दुपारचं जेवण तिच्याबरोबर नको. तो कॉल रात्री कर, म्हणजे दिवसभरात काय झालं ते सांगायला काहीतरी असेल. आत्ता तुमच्या बोलण्यात बहुतेक 'बरं वाटत नाही' आणि 'मग ये निघून' एवढंच होत असणार.

राजीनाम्याबद्दल माझं आणि तुझ्या बाबांचं जमत नाही. कॅलेंडरवर फुल्या मारत काढलेलं वर्ष काही कामाचं नसतं. मी दिवाळीपर्यंत म्हणेन, तेही वर लिहिलंय ते करून बघणार असशील तर. तोपर्यंत पावसाळा बघून झालेला असेल, नवरात्र बघून झालेलं असेल, आणि कामात तुला काय येतं हे कंपनीलाही कळलेलं असेल. तेव्हाही जीव रमला नाही तर खुशाल परत जा, त्यात कमीपणा कसला? पण तिकडची नोकरी इथल्या नोकरीत राहूनच शोध आणि रविवारी संध्याकाळी कुणालाही ईमेल पाठवू नकोस.

मध्ये एकदा घरी जाऊन ये. महाराष्ट्र एक्सप्रेस इथून दुपारी सुटते, सकाळी अकोल्यात उतरशील. परतताना गाडी शेगावला थांबते, तिथून कचोऱ्या घे. ताईंच्या घरच्या मोजून घे आणि काकूंसाठी वेगळ्या बांध. काकूंच्या हातात आल्या आल्या दे, नाहीतर पिशवीत काय आहे हे त्या विचारणारच.

– तुझी ताई