चार टर्मिनल दिसले म्हणून चार वायरी नकोत

अरे, स्पीकरमागे चार टर्मिनल (वायर जोडायच्या जागा) आहेत म्हणून लगेच बाय-वायरिंगला, म्हणजे एकाच स्पीकरला वायरीच्या दोन जोड्या लावायला, पैसे घालू नकोस. मी विश्रामबागेतल्या घरी दुहेरी वायर ओढून महिनाभर ऐकलं. फरक कानाला नाही, खिशाला कळला. सांगलीत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर ५ मीटरला पुरते.

आधी एवढंच बघ:
– लाल-काळं नीट जोडलंय ना? एकाच स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या की बेस पातळ होतो. नव्यांचं हमखास इथंच चुकतं.
– स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, ट्विटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला.

बाय-अँपिंग, म्हणजे स्पीकरच्या दोन भागांना वेगवेगळा अँप (अँप्लिफायर) जोडणं, तूर्त राहू दे. एकाच रिसिव्हरमधून (ज्या डब्यात अँप असतात त्यातून) केलंस तर पॉवर सप्लाय तोच राहतो. तरी हौस असेलच, तर टर्मिनल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या आधी काढ. नाहीतर दोन अँपची आउटपुटं एकमेकांना भिडून अँप जळू शकतो.